सेवेला पगार कशाला?

आमच्या नात्यातल्या एका काकांनी एका संस्थेची वार्षिक देणगी बंद केली. कारण एवढंच, की तिथल्या व्यवस्थापकाला बऱ्यापैकी पगार आहे असं त्यांच्या कानावर आलं. 'सेवाच करायची तर पगार कशाला?' या त्यांच्या प्रश्नाला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जवळजवळ सगळ्यांनी माना डोलावल्या.

आपल्याकडे हा प्रश्न उठतो त्यालाही कारण आहे. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःजवळ खराटा नि गाडगं ठेवलं. वकिली सोडलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. अशी माणसं डोळ्यांसमोर असली की घराचे हप्ते भरत, मुलांच्या फिया भरत संस्थेत इमानेइतबारे काम करणारा माणूस आपल्याला उगाच संशयास्पद वाटायला लागतो. आयुष्याला काही हेतू हवा असं म्हणणारे आपणच त्या हेतूची किंमत घरदार सोडण्याइतकी करून ठेवतो. मग बहुतेक जण लांबूनच नमस्कार करतात.

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये संस्थेचे विश्वस्त सहसा बिनपगारी असतात, पण कर्मचाऱ्यांना पगार असतो आणि तो कुणी लपवत नाही. इंग्लंड-वेल्समधल्या नोंदणीकृत संस्थेचा जमाखर्च अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. मोठ्या संस्थांना तर ६०,००० पौंडांहून जास्त मिळवणारे किती जण आहेत, हेही अहवालात सांगावं लागतं. पैसे मागायलाही इथे संकोच नाही. ऑफिसातली एखादी मुलगी लंडन मॅरेथॉन धावणार असते, ती सरळ सगळ्यांना ईमेल करते : मी अमुक संस्थेसाठी धावतेय, पैसे द्या. करदात्याने 'गिफ्ट एड' या करसवलतीच्या योजनेखाली १०० पौंड दिले तर संस्थेला सरकारकडून आणखी २५ मिळतात. (धावण्याच्या फोटोंत संस्थेचं काम काय हे मात्र पुष्कळदा हरवतं.)

इथे सगळे साधुसंत आहेत असं मुळीच नाही. २०२० मध्ये शंभरीला टेकलेल्या कॅप्टन टॉम मूर यांनी बागेत फेऱ्या मारून आरोग्यसेवेशी संलग्न संस्थांसाठी ३ कोटी पौंडांहून अधिक जमवले. तो पैसा नीट पोचला. पण त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या वेगळ्या संस्थेतून कुटुंबीयांनी लाभ घेतला, असं चॅरिटी कमिशनने २०२४ मध्ये जाहीर अहवालात म्हटलं. लबाडी इथेही झाली. फरक इतकाच की कागद तपासणारं कुणीतरी होतं.

आणि कागद तयार करणाऱ्यालाही पगार लागतोच की! परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतात परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला असलेली ५० टक्क्यांची मर्यादा २० टक्क्यांवर आणली. हिशेब ठेवणं, अहवाल लिहून सादर करणं, हेही त्याच खर्चात धरतात. म्हणजे हिशेब चोख हवा, पण हिशेबनीस फुकट हवा. लहान संस्थेने हे कसं जमवायचं? माझ्या मते देणाऱ्याने हक्काने हिशेब मागावा. कुणाच्या त्यागाची चौकशी करू नये.

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. त्यामुळे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले माझे पैसे परदेशी देणगीत मोजले जात नाहीत. उद्या ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तर पगार तोच, माणूस तोच, पण मी 'परदेशी स्रोत' होईन, आणि संस्थेला एफसीआरए नोंदणी नि दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं लागेल. तोवर मी एका छोट्या संस्थेला दरवर्षी लेखापालाच्या पगारासाठी पैसे पाठवतो. पहिल्यांदा कळवलं तेव्हा तिथल्या ताईंचा फोन आला. बाकांसाठी, दप्तरांसाठी देणगी द्यायला लोक तयार असतात, म्हणाल्या, यासाठी कुणीच विचारत नाही. पावतीवर 'पगार' असंच लिहिलं तर तुम्हाला चालेल ना?