मांडवाचा कर्ण

परवा मी एका लग्नाच्या मांडवाचे खांब काटकोनात आणून दिले. फुकट. घरून निघालो होतो खो-खो प्रशिक्षकाच्या मुलाखतीला. माझा ५० मीटरचा टेप अजून त्या मांडवातच आहे.

खासगी शाळांच्या या जागा एप्रिल-मेमध्ये निघतात, कारण जूनमध्ये मुलं येतात आणि मैदानावर कुणीतरी शिट्टी घेऊन उभं दिसावं लागतं. जाहिरात अशी: 'क्रीडा प्रशिक्षक पाहिजे. अनुभवी, शिस्तप्रिय.' शेवटच्या शब्दाचा अर्थ ज्याला कळला, त्याची निम्मी मुलाखत झाली. शिस्तप्रिय म्हणजे सकाळी बसच्या दारात उभा राहणारा, प्रार्थनेला माइक जोडणारा, गॅदरिंगला खुर्च्या मोजून घेणारा आणि गणिताच्या बाई रजेवर गेल्या की 'घ्या जरा मुलांना खाली' एवढं ऐकून निघणारा. मधे वेळ उरला तर खेळ.

फाइल कशी लावायची हे मात्र सांगून ठेवतो. बी.पी.एड.ची, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीची, गुणपत्रिका सगळ्यात वर, मग एनआयएसचं सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र, मग स्वतः खेळल्याची प्रमाणपत्रं, पंच परीक्षेचा दाखला, प्रथमोपचाराचा दाखला. आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवा. मुलांमध्ये काम करायचं म्हटल्यावर तो मागणारच, आणि निवड झाल्यावर अर्ज केलात तर जून त्यातच जातो. शिट्टी, स्टॉपवॉच आणि टेप आपापले न्यावेत, कारण शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी बाहेरगावी गेलेले असतात.

टेबलापलीकडे तिघं होती. मुख्याध्यापिका, कोऑर्डिनेटर मॅडम आणि एक गृहस्थ. हे गृहस्थ म्हणजे संस्थाचालकांचे साडू. ते शाळेला युनिफॉर्मचं कापड पुरवतात. नमुने दाखवायला आले होते, पंख्याखालची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले. मुख्याध्यापिकांनी फाइल उघडली, मिटली आणि साडूंकडे सरकवली. तिथून मुलाखत साडूंची.

"हे एनआयएस काय आहे?"

"राष्ट्रीय क्रीडा संस्था. पतियाळा."

"पतियाळा!" साडूंचा चेहरा उजळला. "सलवारीला कापड किती धरतात हो तिकडे?"

संस्था मोतीबाग राजवाड्यात आहे, १९६१ पासून आहे, असं मी सांगितलं. कापडाचं मला सांगता येईना. त्यांनी फाइल मुख्याध्यापिकांकडे परत सरकवली.

"बरं, खो-खोला कोच कशाला? आम्ही नव्हतो खेळत? बसायचं, पाठीत धपका खायचा, पळायचं."

धपका! मी जीव तोडून सांगितलं. नऊपैकी आठ गडी एकाआड एक उलट्या तोंडांनी बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला गडी बसलेली मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. समोरच्या संघातल्या पळणाऱ्याला मात्र सगळं रान मोकळं, तो कुणाही दोघांमधून निसटतो. म्हणून तर खो द्यायचा. पाठीला हात आणि तोंडाचा 'खो' एकदम यावा लागतो, पुढे-मागे झाला की फाउल. मुलं काय करतात, बूड टेकवून बसतात. मग उठण्यातच गडी हातचा जातो. टाच उचललेली, वजन चवड्यावर, एक पाय पुढे, हे एवढं अंगात मुरवायलाच महिने जातात.

"ते पळताना शिकतात आपोआप," साडू म्हणाले.

"२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही भारताने जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे."

"फायनलला कोण होतं? पाकिस्तान?"

"नेपाळ."

"हं." नेपाळने त्यांचं समाधान झालं नाही.

डेमो तास हॉलमध्ये घ्या म्हणाले, कारण मैदान लग्नाला दिलं होतं. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलंय. त्यावर कुणाचं लग्न लावायचं नाही, हे लिहायचं राहिलं. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला निदेशक द्या असंही आहे. अर्धवेळ. म्हणजे आमचं अर्धेपण कायद्यानेच ठरलेलं.

डेमोत लोक आपटतात ते एकाच ठिकाणी. ४० मुलं, दोन रांगा, पुढचा पळतोय आणि बाकीचे चिमटे काढतायत. एका पाळीला १५ सेकंद धरले तरी २० जणांच्या रांगेत मुलाची पाळी पाच मिनिटांनी येते. आठ-आठचे पाच गट करा, दोन मिनिटांत येते. तासाचे ३५ मिनिटं असतात. आठ अंग गरम करायला, बारा एकाच कौशल्याला, दहा खेळाला, पाच अंग सैल करायला. मी तेवढंच केलं. गुळगुळीत फरशीवर खांबाजवळ सूर मारायला शिकवणं म्हणजे हाडवैद्याला गिऱ्हाईक पाठवणं, म्हणून नुसतं बसणं-उठणं घेतलं. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, "थोडं एनर्जेटिक हवं होतं. म्युझिक वगैरे."

करार दहा महिन्यांचा. उरलेले दोन महिने प्रशिक्षकाला भूक लागत नाही, असं धरलेलं आहे. तालुका स्पर्धेला मुलं न्यायचा जीपचा खर्च कोण देणार, हे मी लेखी मागितलं. तुम्हीही मागा. नाहीतर तो आपल्याच खिशातून जातो आणि वर 'सरांना हौस आहे' असं म्हणतात.

"ग्राउंड आखता येतं?" साडूंना अजून घरी जायचं नव्हतं.

"२७ बाय १६ मीटर. दोन्ही कर्ण ३१.३८ भरले पाहिजेत. फरक पडला तर मैदान कललेलं. आणि फक्की खडूच्या किंवा संगमरवराच्या भुकटीची घ्यायची. कळीचा चुना घामात भिजला की गुडघे भाजतो."

साडू खुर्चीत पुढे सरकले. मुलाखतभर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. "म्हणजे खांब काटकोनात येतात?"

"येतात."

"चला."

मांडव ४० बाय ३० फुटांचा. मांडववाल्याने पावलं टाकून खांब रोवले होते आणि छताचं कापड एका कोपऱ्यात ताणून दुसऱ्यात पोतं झालं होतं. माझ्या टेपच्या एका अंगाला मीटर, दुसऱ्याला फूट. ३० आणि ४० ला कर्ण बरोबर ५० यायला हवा. एक निघाला ५१, दुसरा ४९. भर उन्हात, इस्त्रीच्या पॅंटवर गुडघे टेकून, दोन खांब उपटायला लावले आणि सरकवले. कापड ढोलाच्या पानासारखं ताठ बसलं.

"साहेब इंजिनिअर का?" मांडववाल्याने विचारलं.

"छे हो," साडू म्हणाले, "पीटी टीचर."

"कळवतो" असं सगळ्यांनीच म्हटलं. टेप मांडववाल्याला स्टेजसाठी हवा होता.

काल संध्याकाळी साडूंचा फोन. "सर, ६० बाय ४० ला कर्ण किती?"

"७२ फूट, सव्वा इंच. शाळेचं काय झालं?"

"ते का? तो दुसरा मुलगा घेतला त्यांनी. त्याला माइक जोडता येतो. रविवारी मोकळे आहात ना? टेप इथेच आहे तुमचा, तो आणू नका. फक्की तेवढी आणा."