मोरचूद, जळकं ऑइल आणि मामांची होडी

"मोरचूद किलोभर पुरेल ना रे?" मामांचा फोन. मी लोकलमध्ये एका हाताने कडी धरून लटकलेला. मला वाटलं, नागावच्या सुपारीच्या बागेचं विचारतायत, पावसाच्या तोंडावर मोरचूद-चुन्याची फवारणी असतेच. म्हटलं, "चुना किती घेतलाय त्यावर आहे." तर म्हणाले, "चुना कशाला? होडीच्या रंगात घालायचंय."

मग हे ज्यात वाचलं तो व्हॉट्सअॅप मेसेज त्यांनी पाठवला. वर दोन बाण, म्हणजे बऱ्याच हातांतून मळून आलेला. हाच मेसेज त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता, जिथे होडी सोडा, स्कूटर लावायला जागा नाही. तेव्हा हसून सोडून दिला. आता हसू येत नाही, कारण मामांनी दोन हिवाळे खपून मनोरीला ओळखीच्यांच्या वाडीत मरीन प्लायची १२ फुटी होडी बांधली आहे. ती आत्ता मांडवाखाली पालथी पडून रंगाची वाट बघतेय.

मेसेजचा मथळा, "पेंट कंपन्या लपवतात ती लाकडी होडीची गुपितं". मजकूर थोडक्यात असा: मरीन प्लाय मुळातच वॉटरप्रूफ, त्याला प्रायमर म्हणजे पैसे फुकट. पहिला हात गाडीच्या जळक्या ऑइलचा द्या. त्यावर दारं-खिडक्यांचा साधा ऑइल पेंट, पण ४ लिटरच्या डब्यात १ किलो मोरचूद मिसळून, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले जन्मात धरणार नाहीत. रंगकाम पावसाळ्यात करा, लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप बुजतात. पॉलिश पेपर मारू नका, खडबडीत लाकडावर रंग जास्त धरतो. शेवटी नेहमीची फोडणी: मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजं २०० वर्षं टिकली ती याच देशी पद्धतीने.

मोरचुदापासून सुरू करतो, कारण ते मामांच्या पिशवीत येऊन पडलंय.

यातला एक धागा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. तांबं समुद्रातल्या जिवांना सोसत नाही. तळाला लावायचा जो अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू न देणारा, रंग मिळतो त्यातही बहुतेक वेळा तांब्याचंच संयुग असतं, क्युप्रस ऑक्साईड. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. समुद्रात कणाकणाने झिजतं, महिनोन्महिने. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याची गोष्ट बरोबर उलटी. १०० मिली पाण्यात ते तीसेक ग्रॅम सहज विरघळतं आणि तेलाच्या रंगात मात्र विरघळतच नाही. डब्यात तासभर ढवळलंत तरी खडे ते खडेच. ब्रशखाली रेतीसारखे ओढले जातात, रंग वाळतो, होडी पाण्यात जाते आणि वरवरचे खडे बघता बघता विरघळून निघून जातात. मागे उरतात भोकं. शिंपल्यांचा बंदोबस्त राहिला बाजूला, प्लायपर्यंत पाणी पोचावं म्हणून तुम्ही स्वतःच्या हाताने रंगाची चाळणी केलीत.

आणि हे कोडं २०० वर्षांपूर्वीच सुटलेलं आहे. ब्रिटिश नौदल तेव्हा जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्याने मढवत असे, पण खाऱ्या पाण्यात पत्रा झिजायचा. १८२४ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने त्यावर तोड काढली: पत्र्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडायचे, म्हणजे झीज त्यांची होते आणि तांबं वाचतं. तांबं खरंच वाचलं. आणि वाचल्याबरोबर त्यावर शेवाळ आणि बार्नेकल (तळाला घट्ट चिकटून बसणारे कवचवाले जीव) चढायला लागले. तांब्याचा झिजण्याचा वेग हाच सगळा खेळ आहे. झिजलंच नाही तर उपयोग नाही, आणि मोरचुदासारखं आठवड्यात वाहून गेलं तरी नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट जास्त कामाची, कारण मामांनी फासळ्यांना बऱ्याच ठिकाणी लोखंडी स्क्रू मारलेत. पितळी महाग पडले म्हणे. (त्यावरून आमचं दिवाळीतच वाजलं होतं.) १७६१ मध्ये एचएमएस अलार्म हे ब्रिटिश लढाऊ जहाज पहिल्यांदा तांब्याने मढवलं गेलं. ते परत आल्यावर १७६३ मध्ये तळ तपासला, तर तांब्याला चिकटून असलेले लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले. काही खिळे मात्र शाबूत होते. का, तर पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे चुकून मध्ये राहून गेला होता. तांबं, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आलं की लोखंड मरतं, एवढा धडा त्या कागदाने शिकवला.

रविवारी मार्वेहून तरीने पलीकडे मनोरीला गेलो तो मामांना हे सांगायलाच. पण मामा ४० वर्षं फिटर होते, इंग्रजांच्या जहाजांनी त्यांचं समाधान होणार नव्हतं. म्हणून काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चमचाभर मोरचूद टाकलं. पाणी छान निळं झालं. त्यांच्याच डब्यातला एक साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि ग्लासात सोडला. मामींनी चहा आणला. चहा पिऊन होईपर्यंत खिळ्यावर तांबूस साय धरली होती. मामांनी खिळा चिमट्याने बाहेर काढला, बोटाने साय पुसली, खालचं काळपट, खरबरीत झालेलं लोखंड नखाने खरवडून पाहिलं आणि काही न बोलता मोरचुदाची पिशवी उचलून माळ्यावर ठेवली. माळ्यावरच बरी. दिसायला ती निळी खडीसाखर, आणि मांडवात नातवंडं खेळतात. पोटात गेली तर विष आहे.

खाडीचंही बघा. मनोरीला ओहोटीला बायका कालवं काढायला उतरतात. मोरचुदाचं पाणी मासे आणि शिंपल्यांना किती घातक असतं हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, किंवा पर्वा नसेल. अँटिफाउलिंगच्या नावाखाली याहून जालीम प्रकार जगाने करून पाहिलाय. टीबीटी नावाच्या संयुगाने फ्रान्समधल्या आर्काशों खाडीतल्या कालवांची वाट लावली, १९८२ मध्ये तिथे छोट्या होड्यांवर त्याला बंदी आली, आणि पुढे त्याच्या बंदीचा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २००८ मध्ये लागू झाला.

या सगळ्यावर कडी म्हणजे मामांना अँटिफाउलिंग लागतच नाही! त्यांची होडी रोज मुक्कामाला पाण्यात राहणार नाही. सकाळी ढकलायची, दोन तास वल्ही मारायची, परत रेतीवर ओढून ठेवायची. कोरड्यावर पडलेल्या तळाला बार्नेकल कुठून धरणार? लाकूड पोखरणारा शिपवर्म (नावाला वर्म, जातीने शिंपल्यांचा भाऊबंद) त्यालाही खारं पाणी सतत लागतं. नसलेल्या रोगावर हे औषध.

आता जळकं ऑइल. इथेही अर्धं खरं आहेच. आपल्या किनाऱ्यावर होड्यांना माशाचं तेल, चंद्रूस (एक राळ), काजूच्या टरफलाचं तेल लावत आलेत आणि ते चालतंही. काजूच्या तेलाने हात भाजतात, ते वेगळं. मेसेजवाल्याने 'तेल' एवढाच शब्द ऐकला आणि गॅरेजमध्ये शिरला. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याची पापडी धरते. (म्हणूनच त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेतात.) इंजिन ऑइल वर्षानुवर्षं वाळू नये म्हणूनच तर बनवलेलं असतं. ते लाकडात मुरून तसंच ओलं बसतं, आणि त्यावर ना प्रायमर धरत, ना इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, घट्ट होणारं राळेसारखं लिंपण), ना रंग. ज्याला पुढे कधीच रंग द्यायचा नाही अशा कुंपणाच्या खांबाला लोक लावतात, लावोत बापडे. त्यातही जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली धातूची झीज आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगं असतात, आणि आपल्याकडच्या २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. ते खाडीत तरंगत सोडायचं?

मामांनी तळाच्या मागच्या बाजूला वहीच्या पानाएवढी जागा 'टेस्ट म्हणून' ऑइलने रंगवून ठेवली होती. थिनरने तीनदा पुसली, तरी पाण्याचा थेंब टाकला की मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. इपॉक्सीचंही तिथे तेच होणार. खरवडायला जावं तर प्लायचा वरचा पापुद्रा मिलिमीटरभर जेमतेम.

"मरीन प्लाय वॉटरप्रूफ" हे तर दुकानदारही छातीठोक सांगतात, त्यामुळे मामांना दोष देत नाही. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो. त्या मानकातली प्रसिद्ध चाचणी म्हणजे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहणं. म्हणजे परीक्षा मुख्यतः गोंदाची. गोंद टिकेल हो, पण दोन गोंदांच्या मधलं लाकूड हे लाकूडच आहे. कापलेल्या कडेला त्याच्या नळ्या उघड्या असतात आणि त्या स्ट्रॉसारखं पाणी ओढतात. म्हणून कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात, जास्तच. आणि इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर रंग हवाच.

पावसाळ्यात रंग द्या, हे मात्र कुणाला सुचलं असेल देव जाणे. फळ्यांची जुन्या पद्धतीची होडी उन्हात बरेच दिवस पडली की पहिल्या दिवशी गळते आणि पाण्यात फळ्या फुगल्या की गळती थांबते, हे कुठलाही कोळी सांगेल. ते होतं रंगवून झाल्यावर, पाण्यात. प्लायच्या होडीला तशा फटीच नसतात. ओल्या लाकडावर रंग दिला की काय होतं ते मी स्वतः करून बसलोय. माझ्या पहिल्या होडीला जुलैत दोन हात मारले, हात लावून कोरडी वाटली म्हणून. ऑक्टोबरच्या उन्हात आतली ओल वाफ होऊन बाहेर निघाली आणि रंग भाजलेल्या पापडासारखा फोड फोड होऊन सुटला. नखाने ओढला तर हातभर पट्टी अख्खी निघाली, खाली प्लाय गार. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो तो वेगळाच. तो आधी साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने धुवायचा, मग पेपर मारायचा. नाहीतर ते मेण पेपरने खालच्या थरात दाबलं जातं.

आणि लाकडाचा खरा वैरी पावसाचं गोडं पाणी आहे. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते, आणि मीठ तिला मानवत नाही. कोपऱ्यात साचलेलं पावसाचं पाणी होडी आतून पोकळ करतं, म्हणून आतल्या बाजूलाही रंग, बूच उघडं, आणि वर ताडपत्री, हवा खेळेल अशी.

पॉलिश पेपरचं एका वाक्यात: चकचकीत पृष्ठभागावर रंग धरत नाही हे बरोबर, पण त्यासाठीच तर १२० नंबर मारायचा आणि दोन हातांच्या मध्ये २२०. करवतीची कुसळं म्हणजे पकड नव्हे, तिथे रंग पातळ बसतो आणि आधी फुटतो.

राहता राहिले वाडिया. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरलेलं एचएमएस त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही आहे, अभिमान वाटावा असंच. पण ते मलबारी सागाचं, मामांची होडी चार एमएम-सहा एमएम प्लायची. त्या जहाजाची १९९० पासून दशकभर डागडुजी चालली होती. आणि १८१७ मध्ये जळकं इंजिन ऑइल कुठल्या गॅरेजमधून आणलं? पहिली मोटारगाडी यायला अजून जवळजवळ ७० वर्षं होती.

मामांची यादी मी आता कागदावर लिहून दिली आहे: कडांना इपॉक्सी, मग बाकी अंगाला, धुणं, १२० नंबर, प्रायमर, पांढऱ्या मरीन इनॅमलचे दोन पातळ हात. सगळं सावलीत, आणि जूनचा दुसरा आठवडा उजाडायच्या आत. लोखंडी स्क्रू काढून पितळी घालायचे, ते सामान मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळेल. ऑइल मुरलेला तो तुकडा कापून काढावा लागणार, तिरक्या कडांचं ठिगळ बसवून. शनिवारी पहिल्या तरीने जातोय. येताना मोरचुदाची पिशवी घेऊन येईन आणि नागावला पाठवीन, सुपारीवर फवारणी व्हायची आहे. चुना तिथे आहे.