गोळी सुरू करणारे सगळे, थांबवणारं कुणी नाही

सर्दीसाठी अँटिबायोटिक दिलं की सोबत पित्ताची गोळी. गुडघा दुखतोय म्हणून पेनकिलर दिली की सोबत पित्ताची गोळी. दाढ काढली, पित्ताची गोळी. दवाखान्यातून घरी सोडलं की डिस्चार्जच्या कागदावर पित्ताची गोळी. द्या ना, जिथं लागते तिथं जरूर द्या. पण ती कशी घ्यायची, किती दिवस घ्यायची आणि थांबवायची कधी, हे सांगायला तुमचं काय जातं? दोन वाक्यांचं काम आहे. ती दोन वाक्यं माझ्या आईला इतक्या वर्षांत एकाही माणसानं सांगितली नाहीत, आणि त्याचा मला भयंकर राग आलाय.

आईची गोळी सुरू झाली गुडघेदुखीच्या औषधांबरोबर. तिथं ती योग्यच होती. दुखण्याच्या गोळ्या जठराच्या अस्तराला त्रास देतात, वयस्कर माणसाला अल्सर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून संरक्षण म्हणून देतात. पुढे गुडघ्याचं दुखणं कमी झालं, पेनकिलर बंद झाल्या. पित्ताची गोळी मात्र चालूच राहिली. दर वेळी नवी चिठ्ठी लिहिताना जुनी समोर ठेवून त्यावरून उतरवून घेतली. ही गोळी का सुरू झाली होती, ते कारण अजून शिल्लक आहे का, हे कुणी विचारलं नाही. औषधाचं कारण संपलं आणि औषध राहिलं.

बरं, घेत तरी नीट होती का? नाही. तिला सांगितलं होतं, "सकाळी एक." एवढंच. ती बिचारी सकाळी चहा-पोहे झाले की बीपीच्या गोळीबरोबर हीही गिळायची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीच्या गोळ्या पोटात पडल्या पडल्या आम्ल मारत नाहीत. त्यांच्यावर आवरण असतं, म्हणजे जठरातल्या आम्लात त्या वाया जाऊ नयेत. त्या पुढे लहान आतड्यात विरघळतात, रक्तात जातात आणि रक्तातून परत जठराच्या पेशींपर्यंत पोचतात. तिथं आम्ल बाहेर टाकणारे जे पंप असतात, त्यातले चालू असलेले पंप त्या बंद करतात. पंप चालू होतात जेवणानं. रक्तात या औषधाचा मुक्काम फार तर काही तासांचा. म्हणून ती खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, म्हणजे पंप सुरू व्हायच्या वेळेला औषध तिथं हजर असतं. खाऊन झाल्यावर घेतली तर अर्धं काम होतं किंवा तेही नाही.

हे आईला कुणी सांगितलं नाही. मग व्हायचं ते झालं. जळजळ राहिली, रात्री घशाशी आंबट यायचं, पहाटे खोकल्याची ढास लागायची. ती परत दवाखान्यात गेली. आणि काय केलं माहीत आहे? डोस दुप्पट केला! सकाळी ४० मिलिग्रॅम, रात्री ४० मिलिग्रॅम. "गोळी कधी घेता, काकू? खाण्याआधी की नंतर?" हा प्रश्न आधी विचारायला नको होता? बाहेर पंधरा माणसं बसली आहेत हे मला दिसतं, डॉक्टरांवर ताण आहे हेही कळतं. पण डोस वाढवायला जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात हा प्रश्न विचारून झाला असता.

औषधाच्या दुकानातला प्रकार तर अजून संतापजनक. ही गोळी शेड्यूल एचमध्ये येते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, तसं पाकिटावर छापलेलं असतं. प्रत्यक्षात शेंगदाण्याचे लाडू मिळावेत इतक्या सहज मिळते. "पित्ताची द्या" म्हटलं की कात्रीनं कचकन चार गोळ्या कापून देतात. आणि कापतात अशा की नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर, आणि दोन्ही तुकडे दुकानातच. घरी आलेल्या चांदीच्या चतकोरावर वाचायला काही नाही. साठीच्या पुढच्या बाईनं त्यावरून काय ओळखायचं? अमेरिकेत ओमेप्राझोल चिठ्ठीशिवाय मिळतं, पण तिथं खोक्यावर स्पष्ट छापलेलं असतं: १४ दिवसांचा कोर्स, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चार महिन्यांच्या आत पुन्हा नाही. आपल्याकडे ना चिठ्ठी, ना खोकं, ना सूचना.

आईच्या गोळीच्या नावापुढे एक "डी" होता. मी त्याकडे लक्ष दिलं तेव्हा कळलं की हे एक औषध नसून दोन आहेत. दुसरं डोम्पेरिडोन. उलटी-मळमळीचं. आईला उलटी नव्हती, मळमळही नव्हती. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली या डोम्पेरिडोनवर बंधनं घातली. फक्त उलटी-मळमळीसाठी वापरा, कमीत कमी डोस द्या, आणि सहसा एका आठवड्यापेक्षा जास्त नको. कारण काही माणसांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यातही साठीच्या पुढच्यांना धोका जास्त. छातीतली जळजळ, पोट फुगणं यासाठी ते वापरूच नका, असं तिथं ठरलं. आणि इथं माझी आई तेच जळजळीसाठी वर्षानुवर्षं घेत होती! मधे घसा आला म्हणून तिला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. ते आणि डोम्पेरिडोन एकत्र द्यायचं नसतं. दोन्ही औषधं एकाच चिठ्ठीवर, एकाखाली एक, एकाच हस्ताक्षरात. लिहिणाऱ्यानं पाहिलं नाही, विकणाऱ्यानंही पाहिलं नाही. काही झालं नाही हे आमचं नशीब. पण माझ्या आईची तब्येत नशिबावर का सोडता?

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. तपासलं तर बी१२ जीवनसत्त्व कमी. इंजेक्शनं लिहून दिली. "शाकाहारी आहात ना, असंच होतं." हो, ती शाकाहारी आहे, तिचं बी१२ दूध-दह्यातूनच यायचं. पण अन्नातलं बी१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. ते आम्लच वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर कमतरता येऊ शकते, हे जुनं, माहितीतलं आहे. मुळात कमी बी१२ खाणाऱ्या बाईला ही गोळी दीर्घकाळ द्यायची तर बी१२ तपासत राहायला नको का? इंजेक्शन देणाऱ्यानं तिची बाकीची औषधं पाहिली नाहीत, पित्ताची गोळी देणाऱ्यानं बी१२ पाहिलं नाही. दोघांच्या मधे आई, हातात फाईल घेऊन.

याच्या उलट टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवाले. "पित्ताच्या गोळीनं किडनी सडते", "स्मृती जाते", "हाडं भुसभुशीत होतात", लाल अक्षरात, खाली दहा जणांना पाठवा. त्या लोकांवरही माझा तितकाच राग आहे. दीर्घकाळ घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचा किंवा मूत्रपिंडाचा धोका थोडा वाढलेला दिसतो अशी निरीक्षणं आहेत, त्यातलं बरंच अजून वादातलं आहे, आणि स्मृतिभ्रंशाचं तर सिद्ध झालेलंच नाही. पण असला मेसेज वाचून माणूस घाबरतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद करतो. आईनं तेच केलं. तिला दोष देणार नाही मी, तिला विचारायला माणूसच नव्हता.

आणि मग जे झालं ते कुणीही आधी सांगितलं नव्हतं. तीन-चार दिवसांत अशी आग उसळली की तिला बसल्या जागी झोप काढावी लागली. पाणी प्यायलं तरी जळायचं. घरातले सगळे म्हणाले, बघ, तुला गोळीची गरजच आहे, तू ती सोडायलाच नको होतीस. आईचीही तशीच खात्री झाली. अहो, पण हा मूळ आजार परत आलेला असेलच असं नाही! आम्ल दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आम्ल करणारी यंत्रणा आणखी तयारीत बसते, आणि गोळी अचानक काढली की ती सगळी एकदम कामाला लागते. २००९ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताचा काहीही त्रास नसलेली १२० धडधाकट माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल, म्हणजे याच जातीची गोळी, आणि मग चार आठवडे खोटी, औषध नसलेली गोळी, बाकीच्यांना बारा आठवडे खोटीच गोळी. औषध थांबल्यावर पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर, अपचन असा त्रास झाला. दुसऱ्या गटात १५ टक्के. ज्यांना आजारच नव्हता त्यांना गोळी थांबवल्यावर त्रास झाला! म्हणजे घाबरू नका, काही आठवडे हे होऊ शकतं, डोस हळूहळू कमी करा, अधेमधे साधं अँटासिड घ्या, एवढं सांगितलं असतं तर आई त्यातून निभावली असती. त्याऐवजी ती परत दुप्पट डोसवर गेली, आणि आता आपली या गोळीशिवाय सुटका नाही असं मनाशी धरून बसली.

कमी करायची म्हणजे कशी, तर दुकानदार म्हणाला, "अर्धी करून घ्या." आवरणाची गोळी मोडली की आवरण गेलं, औषध जठरातच वाया. २० मिलिग्रॅमची वेगळी गोळी मिळते. त्याच दुकानात, मागच्या फळीवर होती.

नातेवाइकांबद्दलही बोलतेच. "चिडतेस म्हणून पित्त होतं." "जागरणं कमी कर." "आमसुलाचं पाणी घे, थंड दूध घे." आमसुलाला माझी ना नाही, बरं वाटत असेल तर घ्यावं. पण आईला रात्रीचं जेवण लवकर करा, जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, असं सांगणाऱ्या घरातल्या एकानं तरी ते जमेल असं काही केलं का? बाबा नऊला जेवणार, भाऊ दुकान बंद करून दहाला येणार, त्याला गरम पोळी हवी. आई शेवटी साडेदहाला ओट्याशी उभ्या उभ्या जेवणार, ओटा आवरून अकराला आडवी होणार. त्यात चतुर्थी, एकादशी, सोमवार. दिवसभर चहावर चहा आणि मग तुपातली साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी. आणि वर पित्त तिच्या स्वभावामुळे! स्वभावाचा संबंध नाही, पोळी कोण लाटतं याचा संबंध आहे. आता भाऊ स्वतः पोळी गरम करून घेतो, आई आठला जेवते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवलेत. नुसत्या उशा वाढवून पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो, हेसुद्धा आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

आणि "गॅस झालाय" म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला सोडा पाजणारे, तुमच्यावर तर मी ओरडणारच आहे. आमच्या शेजारच्या काकांना लग्नाच्या पंगतीत छातीवर दडपण आलं, घाम फुटला, डावा हात जड झाला. जमलेल्या शहाण्यांनी लिंबू-सोडा दिला, पाठ चोळली, ढेकर यायची वाट बघत बसले. तो हार्ट अटॅक होता. त्यांच्या सुनेनं कुणाचं न ऐकता रिक्षात घातलं म्हणून ते वाचले. घाम, दडपण, हात किंवा जबड्याकडे सरकणारी कळ असेल तर आधी ईसीजी काढा, सोडा नंतर प्या! तसंच घास अडकणं, काळी शी, उगाच वजन उतरणं यावर वर्षभर गोळ्या खात बसू नका, दुर्बिणीची तपासणी मागा. ती न सुचवता नुसती गोळी बदलून देणारा भेटला तर दुसरा डॉक्टर गाठा.

रॅनिटिडिन या पित्तावरच्याच दुसऱ्या जुन्या औषधाचंही तेच. नायट्रोसामाइनची, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवू शकणाऱ्या रसायनाची, अशुद्धी सापडली म्हणून अमेरिकेनं २०२० साली ते बाजारातून काढायला लावलं. आपल्याकडे २०२२ साली ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळलं. यादीतून गेलं, दुकानांतून गेलं नाही. घेणाऱ्यांना हे कुणी सांगितलं का? आमच्या घरात तरी कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी आईची सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावली आणि एकेक उचलून विचारलं, ही कशासाठी? डी काढला, डोस उतरवायचा तक्ता मराठीत लिहून दिला, खाली तारीख टाकली. आई आता सकाळी एकच, २० ची, चहाच्या अर्धा तास आधी घेते. जे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं त्याला इतकी वर्षं लागली.

परवा मावशीचा फोन आला. म्हणाली, "ताईची गोळी कमी झाली ना, मग मीही माझी बंद करते." मावशी सत्तरीच्या पुढची, संधिवातासाठी रोज पेनकिलर, शिवाय रक्त पातळ ठेवायची गोळी. तिला ही गोळी लागतेच, तिनं ती अजिबात सोडायची नाही. मी म्हटलं, "मावशी, तू मनानं काही बंद करू नकोस, आधी तुझ्या डॉक्टरांना विचार." ती म्हणाली, "अगं, विचारलं होतं. ते म्हणाले, चालू ठेवा. मी म्हटलं, कशासाठी असते हो ही? तर त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं."