कोकणात जायचंय? आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

डिसेंबर लागला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते: "दिवेआगर की दापोली?" मग शनिवार-रविवार ठरतो, खोली बुक होते, एक दिवस जास्तीची रजा टाकली जाते. समुद्राचं पाणी त्या दिवशी किती वाजता कुठे असेल, हे मात्र कोणीच बघत नाही. माझ्या मते हिवाळ्यातल्या निम्म्या कोकण सहली इथेच बिघडतात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, अलिबागचा कुलाबा किल्ला, संध्याकाळी किनाऱ्यावर चालणं, गाडी कुठे लावायची, पोहायचं कधी, हे सगळं पाण्यावर ठरतं. पाणी तिथीवर चालतं आणि तिथी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर छापलेली असते.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा. तिथीच्या आकड्याला पाऊण तासाने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. पहाटेही तीन आणि दुपारीही साधारण तीन. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. शिवाय रत्नागिरीकडे भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर लागते. किल्ल्यावर चालत जायचं असेल तर मोबाईलवर त्या गावाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच, पण तारीख ठरवताना हा गुणाकार पुरतो.

आता हा हिशोब लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं. पण त्या दिवशी भरती येते दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. दत्तजयंती साधून जाणारे नेमके दुपारी बाराला अलिबागच्या किनाऱ्यावर उभे असतात आणि समोर किल्ला चहूबाजूंनी पाण्यात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण पाणी पुरतं उतरतच नाही. वाटेत पोटरीभर, कधी गुडघाभर राहतं. म्हणून चालत जाण्यासाठी मला सगळ्यात सोयीचे दिवस वाटतात ते तृतीया ते षष्ठी. ओहोटी साडेआठ ते पावणेअकराच्या दरम्यान, ऊन कोवळं, पाणीही बऱ्यापैकी खाली. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, माघातली गणेश जयंती, झालंच तर कुठलीही संकष्टी, हे दिवस यात बसतात. फक्त संकष्टीला दिवेआगरला सुवर्ण गणेशाच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा त्या दिवशी मुक्काम दुसरीकडे करा. (ती सोन्याची मूर्ती १९९७ मध्ये सापडली, २०१२ मध्ये चोरीला गेली आणि परत मिळालेल्या सोन्यातून नव्याने घडवून २०२१ मध्ये पुन्हा बसवली.)

कुलाबा किल्ल्याला पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघावं आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीच्या वाटेला लागावं. लोक अडकतात ते जाताना नाही, येताना. पाणी समोरून येतंय असं वाटत असतं, पण किनारा आणि किल्ला यांच्या मधल्या सखल पट्ट्यात ते दोन्ही बाजूंनी आत शिरतं. वाटेवर काळा खडक आणि त्यावर कालवांच्या धारदार कडा. मागे पट्टा असलेली सँडल चालेल, रबरी चप्पल नको.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हा त्याहून गंभीर विषय आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम. त्यानंतर डोंगरावर चढून दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलं की थेट समुद्राच्या कपारीत. लाटांनी कोरून जाळी केलेला तो खडक बघण्यासारखाच आहे, पण वाट फक्त ओहोटीत मोकळी असते. हिवाळ्यात समुद्र शांत दिसतो आणि तिथेच फसगत होते. आठ-दहा लाटा लहान येतात आणि मग एखादी मोठी, जी आधीच्या ओल्या रेषेच्या बरीच वर चढते. हिरवट शेवाळावर पाय ठरत नाही आणि पडलं तर पकडायला काही नसतं. नियम साधा: जिथवर खडक ओला दिसतो तिथवर जायचं नाही, पाठ समुद्राकडे करून फोटो काढायचा नाही. महाशिवरात्रीला जाणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवा. त्या दिवशी कृष्ण चतुर्दशी, म्हणजे भरती सकाळी साडेदहाला, तेही उधाणाच्या तोंडावर. दर्शन सकाळी घ्या, प्रदक्षिणा दुपारी तीननंतर, आणि तीही तिथले लोक "जा" म्हणाले तरच.

बोटीचं गणित वेगळं, ते वाऱ्यावर चालतं. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. अकरा-बारानंतर खारा वारा उठतो आणि दुपारभर वाढत जातो. जंजिऱ्याला राजपुरीहून पहिल्या बोटींपैकी एक पकडली तर किल्ल्याच्या दारात बोट फार हेलकावत नाही, म्हाताऱ्या माणसांना उतरवणं सोपं जातं. दुपारी तीच पायरी अवघड होते. किल्ल्यावर बोटवाले मोजकाच वेळ देतात, तेव्हा तटावर सगळीकडे फिरण्यापेक्षा कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि पश्चिमेचा दर्या दरवाजा एवढं नीट बघा. हर्णैहून सुवर्णदुर्गला जाताना बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून फुल पँट आणि बूट घालून जाऊ नका. डॉल्फिन बघायचे तेही सकाळीच. इंजिन बंद करून थांबायला तयार असलेला नाखवा मिळाला तर दिसतात. पाठलाग करणाऱ्या बोटीतून पाठीचा पंखसुद्धा धड दिसत नाही.

गाडी वाळूत घालणाऱ्यांबद्दल मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. दर हिवाळ्यात कुठल्या तरी किनाऱ्यावर बोनेटपर्यंत पाण्यात बुडालेल्या एसयूव्हीचा व्हिडिओ येतो आणि खाली हसण्याच्या इमोजी. वरची ओली वाळू घट्ट दिसते, पण खाली पाणी धरलेलं असतं; गाडी दोन मिनिटं उभी राहिली की चाकाखालची वाळू बसते. मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, चाक जागेवर फिरतं आणि गाडी एक्सलपर्यंत रुतते. अडकलातच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. टायरमधली हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने उपसा, खाली पायपुसणी किंवा पोती टाका आणि पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर या. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर ट्रॅक्टर बोलवा, पाणी यायच्या आत. रात्री वाळूच्या कडेला गाडी लावून झोपणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला मध्यरात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा पाऊण मीटरपर्यंत जास्त चढू शकते. दुपारी पाणी जिथे थांबलं ती रेषा रात्री कामाची नाही.

पोहायचंच असेल तर खाडीच्या मुखाजवळ कधीच नाही, ओहोटी लागलेली असताना तर मुळीच नाही. गुहागरचा किनारा पटकन खोल होतो, दिवेआगरचा लांबवर उथळ आहे. लहान मुलं बरोबर असतील तर निवड याच्यावरून करा, हॉटेलच्या फोटोंवरून नको.

रस्त्याचं. पुण्याहून श्रीवर्धन-दिवेआगरला ताम्हिणीच बरा: पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव, मग मोर्बा-साईमार्गे म्हसळा. चांदणी चौकातून साडेपाचला निघालात तर भूगाव-पिरंगुटचा त्रास चुकतो आणि साधारण नऊपर्यंत माणगाव पार होतं. टाकी पौडच्या आधी भरा, घाटात मोबाईलला रेंज धरू नका. मुळशीच्या पाण्याच्या कडेने सकाळी दाट धुकं असतं. फॉग लाइट नसेल तर हेडलाइट लो बीमवर ठेवा, हाय बीम समोरच्या धुक्यावर आपटून परत डोळ्यात येतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेक धरून उतरणाऱ्या गाडीचा जळका वास आला की पाच-दहा मिनिटं थांबायचं, चाकावर पाणी ओतायचं नाही. वरंध घाट सुंदर आहे, वाघजाईपाशी थांबून भजी खाण्यासारखा आहे, पण तो दुरुस्तीसाठी वरचेवर बंद असतो. भोरला चौकशी करूनच शिरा. गाडी नसेल तर स्वारगेटहून श्रीवर्धन आणि दापोलीच्या एसटी आहेत. महिलांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत. एसटीला नाकं मुरडणाऱ्यांनी ताम्हिणीत एसटीच्या ड्रायव्हरचं वळण घेणं एकदा बघावं.

श्रीवर्धन आणि दापोली एकाच सहलीत करायचं असेल तर बागमांडला ते वेसवी जंगलजेटी घ्या. बाणकोटची खाडी गाडीसकट पाच-दहा मिनिटांत पार होते, नाहीतर आंबेतच्या पुलावरून मोठा वळसा. रांगेत गाडी उलटी चढवायला सांगतात, नवख्या ड्रायव्हरने आधीच दुसऱ्याला चाक द्यावं. पलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै एका ओळीत. केळशीला पुण्याच्याच डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांनी अभ्यासलेली वाळूची टेकडी आहे, बहुतेक गाड्या तिच्यासमोरून न थांबता जातात. आसूदला व्याघ्रेश्वर आणि ओढ्यापलीकडचा केशवराज. पोफळीच्या सावलीतून पायऱ्या चढायच्या असल्याने भर दुपारीही जाता येतं. दापोली उंचावर असल्याने तिथे रात्री स्वेटर लागतो, पंधरा-वीस किलोमीटरवरच्या हर्णैला पंखा. दोन्ही कपडे न्या.

वेळासचं कासव डिसेंबरात मागू नका. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस जातात. म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा खरा काळ. पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, आणि त्या दिवशी घरट्यातून काही निघेलच याची हमी कोणीही देत नाही, देऊ नये. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद. डिसेंबर-जानेवारीत त्याऐवजी कुरव (सीगल) बघा. हजारोंनी आलेले असतात. त्यांना शेव-गाठी टाकून उडवण्याचा खेळ मात्र थांबवा, ते पक्षी मासे खायला आलेत.

जेवणाबद्दल. घरगुती सोय असेल तिथे रात्री काय हवं ते सकाळी सांगायचं, उकडीचे मोदक तर आदल्या दिवशी. आयत्या वेळी पोचून "सुरमई नाही?" म्हणून तोंड वाकडं करू नका. पण हिवाळ्यात रायगडात जाऊन पोपटी, म्हणजे मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा आणि चिकन, न खाता परत येणं हा मला गुन्हाच वाटतो. सहा-आठ जणांना दोन-अडीच किलो वालाच्या शेंगा, त्याही भरलेल्या. कोवळ्या शेंगांचा लगदा होतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेलं किलोभर मसाल्याचं चिकन, बटाटे, अंडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला ठासून. पाणी थेंबभरही नाही, शेंगांच्याच वाफेवर सगळं शिजतं. मडकं उपडं ठेवून चारही बाजूंनी पेंढा-लाकडं, अर्धा ते पाऊण तास जाळ. एकाच बाजूने जाळ लागला तर अर्धं करपतं, अर्धं कच्चं. पाला सैल भरला तर वाफ निघून जाते. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर चर्र होऊन लगेच उडालं की काढायचं. जाळ शेतात, मोकळ्या जागी. जानेवारीत डोंगरावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने वणवा लागतो.

हर्णैच्या लिलावात मासळी घेऊन पुण्याला आणणार असाल तर तिथेच पोट साफ करून घ्या, आतडी राहिली की घाटापर्यंत वास येतो. थर्माकोलच्या खोक्यात जितका मासा तितकाच बर्फ, खाली बर्फ, वर बर्फ. खोक्याला पाणी गळायला भोक असतं, म्हणून त्याखाली जाड प्लॅस्टिक आणि त्याच्या कडा वर दुमडलेल्या. ताम्हिणीच्या वळणांवर खोकं कलंडतंच, तेव्हा डिकीत दोन बॅगांमध्ये घट्ट बसवा. ते पाणी गाडीच्या कार्पेटात मुरलं तर मार्चपर्यंत काचा उघड्या ठेवून फिरावं लागेल.