झाकण काढून कूलरसमोर ठेवलेला सीपीयू: त्या फॉरवर्डला उत्तर

मार्च सरला की आमच्या दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज हमखास फिरतात. एक उष्माघाताचे उपाय, दुसरा कॉम्प्युटर थंड ठेवण्याचे उपाय. पहिल्यात खिशात कांदा ठेवायला सांगतात. त्याने निदान कांद्याचंच काय ते नुकसान होतं. दुसरा मात्र महागात पडणारा आहे.

यंदाचा मेसेज थोडक्यात असा: १) सीपीयूचं, म्हणजे कॅबिनेटच्या डब्याचं, बाजूचं झाकण काढून तो कूलरच्या समोर ठेवा. २) जितके फॅन जास्त तितकी मशीन गार, सगळे फॅन हवा आत मारणारे लावा. ३) ७० डिग्रीच्या वर प्रोसेसर जळतो. ४) लिक्विड कूलिंग (पाणी फिरवून प्रोसेसर गार करायची जोडणी) लावलं की बाहेर ४५ असले तरी प्रोसेसर ३० डिग्रीवर राहतो. ५) थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकमध्ये लावायचा लेप) नसेल तर टूथपेस्ट चालते. खाली जोडलेले हात आणि 'सर्व सेवा केंद्र चालकांना पाठवा'.

माझा भाचा पूर्णेकाठच्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. त्याचा फोन आला, "मामा, हे खरं हाये काय? म्या तं झाकण काढलंबी." बाबा रे, आधी विचारायचं, मग काढायचं! सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सगळं त्या एका मशीनवर चालतं. ऐन मुदतीच्या दिवशी ती बसली तर गाव याच्या दारात बसेल.

तर पहिला मुद्दा, कारण खरा घातक तोच आहे.

कूलरने खोली गार होते, हे खोटं नाही. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की बरा कूलर खोलीचं तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. खोली उतरली की कॅबिनेटच्या आतलं तापमानही जवळपास तेवढंच उतरतं. म्हणजे खोलीत कूलर चालू ठेवा, तो बाजूच्या भिंतीकडे वळवा, सीपीयू त्याच्या झोतापासून दूर ठेवा. मेसेजमधला खरा भाग एवढाच.

झोतात ठेवलं की काय होतं ते बघा. कूलर नुसती ओलसर हवा फेकत नाही, पाण्याचे बारीक थेंबही फेकतो. ताट्या, म्हणजे कूलरचे पाणी झिरपणारे पॅड, नव्या असताना, पाणी जास्त सोडलेलं असताना तर हमखास. समोर बसून तोंडावर तुषार घेतलेल्या कुणालाही हे माहीत आहे. आता ते पाणी कुठलं? अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला आपला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. कूलरच्या ताट्या एका उन्हाळ्यात क्षाराने कडक होतात, टाकीच्या कडेला पांढरा थर बसतो. तेच पाणी थेंबाथेंबाने मदरबोर्डवर बसतं, सुकतं आणि मीठ मागे ठेवतं. बोर्ड गरम असल्यामुळे पाणी टिकत नाही, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. पावसाळा लागून हवा दमट झाली की तेच मीठ ओल धरतं, दोन पिनांमध्ये वीज झिरपायला लागते आणि तांब्याला हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढतं. असा बोर्ड बघायचा असेल तर रॅमचा स्लॉट आणि खालच्या कडेचे यूएसबीचे पिन बघा, आधी तिथेच दिसतं. मग 'आपोआप रीस्टार्ट होते', 'विंडोज टाका' असं सुरू होतं. विंडोजचा त्यात काय दोष?

उघड्या झाकणातून आणखी कोण आत जातं ते खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पाल, उंदीर आणि कापूस घरात भरलेला असताना उडणारं तूस. ओल्या हवेत ते तूस हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये जमून घोंगडीसारखं बसतं आणि त्यातून हवा जाणं बंद होतं.

आणि शॉकचं काय? पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात. बऱ्याच घरांत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण अर्थिंगची तार मागे कुठेच गेलेली नसते. अशा जोडणीवर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तरी मुंग्या येतात, कारण एसएमपीएसमधला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातला) फिल्टर थोडी गळती पत्र्यावर सोडतो आणि ती जमिनीत जायला वाट नसते. एक हात कूलरला, एक हात सीपीयूला, पायाखाली ओली फरशी. हा सल्ला लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरी करून बघावा असंही मी म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा फॅनचा. पंखा हवा गार करत नाही, फक्त बदलतो. आतली हवा कितीही वेगाने बदलली तरी खोलीपेक्षा खाली जाणार नाही. हिशेब सोपा आहे: १५० वॅटची उष्णता बाहेर काढताना आतली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनी तापू द्यायची असेल, तर मिनिटाला साधारण २८ घनफूट हवा आरपार जावी लागते. हवा दुप्पट केली की ते १० चे ५ होतात, चौपट केली की अडीच. पुढे पैसे जातात, अंश उतरत नाहीत. सेवा केंद्रातली मशीन, म्हणजे ग्राफिक्स कार्ड नसलेली साधी आय-थ्री प्रोसेसरवाली, फॉर्म भरताना ५०-६० वॅटच्या पुढे क्वचित जाते. तिला १२० मिलिमीटरचा एक फॅन समोरून आत आणि एक मागून बाहेर, एवढं पुष्कळ झालं. एका जोडणीच्या अनेक करणाऱ्या स्प्लिटरवर सहा फॅन लावले तर मदरबोर्डचा फॅन हेडर, म्हणजे फॅनची वायर लावायच्या पिना, जळू शकतो. तो साधारण एक अँपिअरसाठीच असतो.

सगळे फॅन आत मारणारे? यातही अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जरा जास्त असली की प्रत्येक फटीतून धूळ ओढली जात नाही, फक्त जाळीतून येते, आणि जाळी धुता येते. आपल्या धुळीत हे कामाचं आहे. पण मागचा फॅन बाहेरच फेकणारा हवा. तो उलटा लावला की प्रोसेसरची गरम हवा नेमकी तिथेच घुटमळते. फॅनची दिशा ओळखायला उदबत्ती पुरते. नाहीतर नुसतं बघूनही कळतं: मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या ज्या बाजूला, तिकडे हवा जाते.

फॅन घेताना दिवे बघू नका. चार पिनांचा घ्या, म्हणजे बोर्ड गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करतो. तेलावर फिरणाऱ्या साध्या स्लीव्ह बेअरिंगचा टाळा, उन्हाळ्यात त्याचं तेल सुकतं आणि घरघर सुरू होते. आणि कॅबिनेट समोरून जाळीचं बघा. समोर सलग काच आणि तिच्यामागे तीन रंगीत फॅन, असल्या कॅबिनेटमध्ये फॅनला हवा मिळणार कुठून?

तिसरा मुद्दा, ७० डिग्री. हा आकडा कुठून आला देव जाणे. इंटेलच्या स्वतःच्या तपशीलपत्रात आय-थ्री १२१०० ची कमाल मर्यादा १०० अंश दिली आहे. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी आवरलं नाही तर मशीन बंद होते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे. खोली ४२ असताना काम करणारा प्रोसेसर ७५ दाखवत असेल तर तो ठीक आहे. काळजी करायचीच तर हार्ड डिस्क आणि एसएमपीएसची करा. साध्या हार्ड डिस्कची मर्यादा सहसा ६० असते, आणि एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. प्रोसेसरला आपली काळजी घेता येते, स्वस्तातल्या एसएमपीएसला येत नाही.

चौथा: लिक्विड कूलिंगचा रेडिएटरही खोलीच्याच हवेने गार होतो. खोली ४५ तर आतलं पाणी ४५ च्या वरच. पुढे काय बोलायचं.

पाचवा: टूथपेस्ट सुरुवातीला चालते, म्हणूनच अफवा टिकली. तिच्यातलं पाणी गरम प्रोसेसरवर उडून जातं आणि खडूसारखी पूड उरते. थर्मल पेस्टची छोटी ट्यूब दोन-अडीचशेत मिळते.

भाच्याला झाकण लावायला सांगितलं आहे आणि कापसाच्या हंगामानंतर एकदा, पावसाळ्याआधी एकदा ब्लोअर मारायला. मशीन बंद करून, वायर काढून, अंगणात नेऊन. आणि ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरायचं. मोकळं सोडलं की ते भलत्या वेगाने फिरतं आणि चांगला बेअरिंग तिथेच खराब होतो.