रोज सकाळी १९७८

माझा डेस्कटॉप जुना आहे. बटण दाबलं की पंखा घरघरतो, पडदा काळा होतो आणि वर डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत बसते. त्या रेघेकडे बघण्यात माझी बरीच उमेदीची वर्षं गेली. एकदा वाटलं, नुसतं बघत बसण्यापेक्षा आत काय चालतं ते वाचून काढावं. तिथेच चुकलं.

वाचल्यावर कळलं, की सेकंदाला कोट्यवधी आज्ञा उरकणारा हा प्रोसेसर जागा होताना स्वतःला १९७८ सालचा आपला पूर्वज ८०८६ समजतो. सोळा बिटांचा! त्याची पहिली आज्ञा असते मेमरीच्या पत्त्यांची चार जीबीची हद्द संपायला सोळा बाइट उरलेले असताना. तेवढ्या जागेत मावणार काय? ‘दुसरीकडे जा’, बस. म्हणजे दिवसाची सुरुवातच टोलवाटोलवीने.

दुसरीकडे बायोस असतो, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम. तो मेमरी तपासतो, कीबोर्ड चाचपतो आणि एकेका डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर उचलून पाहतो. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए, म्हणजे ठरलेली खूण, निघाले की स्वारी खूश. उरलेल्या ५१० बाइटांत काय आहे, हे न विचारता सगळा कारभार त्यांच्या हवाली. (खोली भाड्याने देतानासुद्धा लोक यापेक्षा जास्त चौकशी करतात.)

परवा मीटिंग दहा मिनिटांवर आली आणि पडद्यावर इंग्रजीत विनंती उमटली : ही डिस्क बूट होणारी नाही, कृपया बूट होणारी फ्लॉपी घाला.

फ्लॉपी! नवं ज्ञान सळसळलं. हा भूतकाळात अडकलाय. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालतं ठेवणारा तीन व्होल्टचा सेल गेला असणार! कॅबिनेट उघडलं, सेल काढला, पुसला, बसवला. पुन्हा फ्लॉपी. रॅम काढून खोडरबराने घासली. फ्लॉपीच. शेवटी वैतागून डबा भिंतीकडे ढकलला, तर मागे काहीतरी टोचलं.

पेनड्राइव्ह. रात्री फोटो कॉपी करून तिथेच विसरलेला. बायोसच्या यादीत त्याचा नंबर हार्ड डिस्कच्या आधी, आणि त्याच्याही पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ आणि एए होतेच. बाकीच्या बाइटांत जेमतेम ती फ्लॉपीची विनंती.

तो उपटताच सगळं सुरळीत. ऑपरेटिंग सिस्टिम उचलून आणणारा बूटलोडर आला, लिनक्सच्या कर्नेलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, आपलं दाबून बांधलेलं गाठोडं आपणच सोडलं, एक नंबरच्या प्रोसेसने बाकीच्यांना उठवलं. पासवर्डही पहिल्या फटक्यात बरोबर! मीटिंगला तीन मिनिटं होती.

ब्राउझर मात्र एकही साइट उघडेना. म्हणे, साइटच्या ओळखीच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. घड्याळ पाहिलं : १ जानेवारी २००९. मी सेल काढला होता ना.

म्हणजे संगणकाच्या हिशेबाने मी मीटिंगला काही वर्षं आधीच हजर होतो. साहेबांचं घड्याळ वेगळं निघालं.