‘९१ व्या वर्षी पेसमेकर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘९१ वर्षांच्या आईला यंत्र बसवून तुम्ही तिचा जीव अडकवून ठेवलात, कमाई डॉक्टरांची झाली,’ असं तुम्ही लिहिलंत. मला राग आला नाही. नौपाड्यातल्या आमच्या घरात थोरल्या भावानं हेच विचारलं होतं.

आईच्या छातीत दुखत नव्हतं, ती पडत होती. पहिल्यांदा देव्हाऱ्यासमोर पडली. निरांजन कलंडलं, तूप साडीवर सांडलं, आणि क्षणात शुद्धीवर येऊन विचारते, ‘मी खाली कशी?’ एका दवाखान्यात ‘वय झालं, चक्कर यायचीच’ म्हणून गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी न्हाणीघरात पडली, कपाळाला खोक पडली, तेव्हा कुठे ईसीजी निघाला. नाडी मिनिटाला जेमतेम ३४! हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा संदेश खाली पोचतच नव्हता. कम्प्लीट हार्ट ब्लॉक. म्हणून पेसमेकर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांना चालना देणारं छोटं यंत्र, बसवलं.

तुमचं एक म्हणणं मला पटतं. नुसती नाडी मंद दिसली म्हणून लगेच पेसमेकर नको. बीपीच्या काही गोळ्या, थायरॉईडची कमतरता, वाढलेलं पोटॅशियम यांनीही ठोके मंदावतात. आमच्या डॉक्टरांनी ते आधी तपासलं. आणि माणूस अंथरुणाला खिळलेला, कुणाला ओळखत नसेल, तर मीही दहादा विचार करीन.

पण जीव अडकतो, हे खरं नाही. पेसमेकर फक्त ठोक्याची सूचना देतो. अखेरीला हृदयाचा स्नायूच थकला की तो त्या सूचनेला दाद देत नाही. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. आयुष्यात त्यांना २६ पेसमेकर लागले, आणि २००१ मध्ये ८६ व्या वर्षी ते गेले ते कर्करोगानं.

आईला पूर्ण भूलही द्यावी लागली नाही. गळपट्टीच्या हाडाखाली काड्यापेटीपेक्षा लहान डबी, शिरेतून हृदयापर्यंत तार. महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, म्हणून तिचा अंबाडा मी घालत होते. एकदाही तिच्या मनासारखा जमला नाही. आता ती स्वतः घालते, न्हाणीघराची कडी लावून एकटी आंघोळ करते. आम्हाला एवढंच हवं होतं.

तुमच्या सासूबाईंनाही हल्ली भोवळ येते आणि ‘आता काही करायचं नाही’ असं ठरलंय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. काका, पेसमेकरचं नंतर ठरवा. पण या आठवड्यात त्यांचा ईसीजी काढा, गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. ईसीजी ठीक आला आणि भोवळ थांबली नाही, तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसरात्र ठोके नोंदवणारं यंत्र, लावायचा का, ते विचारा.